स्वयंपाकघरात तासाला पंचवीस मैल

व्हर्लिन तोलेफ्सनला नकाशावर आपलं स्वयंपाकघर सापडलं, तेव्हा त्यावर त्याचीच टिकली चिकटलेली होती.

झालं असं की हॅलवर लेकच्या चर्चच्या तळघरात रस्ते खात्याने तीन नकाशे लावले होते. हायवेवरून गावात उतरणाऱ्या रॅम्पचं काय करायचं याचे तीन पर्याय होते, अ, ब आणि क. कॉफी घ्यायची, नकाशे बघायचे आणि जो आवडेल त्यावर हिरवी टिकली लावायची, असा बेत होता. चौतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या व्हर्लिनला पर्याय ब मधलं वळण फार आवडलं. इतकं प्रशस्त, इतकं गोलाकार वळण त्याच्या वाट्याला नोकरीत कधी आलं नव्हतं. त्याने टिकली ओली करून बरोबर वळणाच्या पोटात दाबून बसवली आणि मग कौतुकाने अजून जवळून पाहण्यासाठी चष्मा लावला. टिकलीखाली पुसटसा चौकोन होता आणि चौकोनाशेजारी त्याच्या गल्लीचं नाव होतं. चौकोनावर "२५" लिहिलं होतं.

नकाशाशेजारी रस्ते खात्याच्या इंजिनिअर पान्या शाँग उभ्या होत्या. तिशीच्या असतील. सेंट पॉलमध्ये, लाओसहून आलेल्या हमाँग जमातीच्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या, आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला आपोआप वाकावं लागे.

"हे पंचवीस म्हणजे काय?" व्हर्लिनने विचारलं.

"तासाला पंचवीस मैल. वळणावरचा वेग."

"इथे माझं स्वयंपाकघर आहे."

पान्याबाईंनी नकाशा बघितला, मग व्हर्लिनला बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले. आपल्याला फार वाईट वाटतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. मागे उभे असलेले सगळे अर्धवट वळून कॉफीच्या पिंपाकडे पाहायला लागले. त्यांना अर्ध्या तासापूर्वीच सगळं कळलं होतं. शेजारी हार्लन क्रोगस्टाडने तर या अर्ध्या तासात व्हर्लिनशी पावसावर, बटाट्यांवर आणि स्वतःच्या गुडघ्यावर बोलून घेतलं होतं.

"सांगणारच होतो रे," हार्लन म्हणाला. "पण तू इतक्या खुशीत टिकली लावत होतास, म्हटलं कशाला विरजण घाला."

व्हर्लिनने टिकली काढायला नखाने कोरलं. ती सरकारी टिकली होती. ती निघाली, पण येताना नकाशावरचं निम्मं तळं सोबत घेऊन आली.

हॅलवर लेक हे मिनियापोलिसच्या बाहेरचं गाव. वीस वर्षांपूर्वी जिथे सोयाबीन डोलत होतं, तिथे आता एकसारखी करडी घरं उभी राहिली होती, आणि प्रत्येक घरात दोन गाड्या होत्या. हायवेचा रॅम्प जिथे संपतो तिथे एक चौक होता. चारही बाजूंना थांबायच्या लाल पाट्या होत्या. जो आधी येईल तो आधी जाईल, इतका सोपा नियम. तरी रोज सकाळी सात ते आठ या चौकापासून निघालेली रांग रॅम्प चढून थेट हायवेवर पोचायची. खात्याने मोजलं तेव्हा एकेका गाडीला सरासरी अठ्ठावन्न सेकंद थांबावं लागत होतं. म्हणून हे तीन पर्याय. अ मध्ये चौकात नुसता सिग्नल. ब मध्ये मोठा वळसा घेणारा नवा रॅम्प, व्हर्लिनच्या घरावरून. क मध्ये चौकात गोल बेट. क वर एकही टिकली नव्हती. एका बाईंनी तिथे चिठ्ठी लावली होती, "हे जरा वेगळं वाटतं." त्या गावात याहून कडक शब्द कुणी वापरत नसे.

पान्याबाईंनी व्हर्लिनला बाजूला घेऊन नीट सांगितलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी पुन्हा मोजणी होणार होती. सकाळी सात ते आठ, खांबावर कॅमेरा लावून. सरासरी चाळीस सेकंदांच्या आत आली तर सिग्नल पुरेल. चाळीसच्या वर गेली तर ब.

"म्हणजे अठरा सेकंदांवर घर आहे माझं," व्हर्लिन म्हणाला.

"असं म्हटलं तर हो," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा वाईट वाटून घेतलं.

घरी आर्डिस ओट्याशी रूबार्बच्या आंबटगोड वड्या कापत होती. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं ती याच ओट्याशी उभी होती. व्हर्लिनने सगळं सांगितलं, फक्त टिकलीचं सोडून. टिकलीचं तिला हार्लनच्या बायकोने फोनवर आधीच सांगितलं होतं. आर्डिसने वड्यांच्या ओळी सरळ केल्या, सुरी धुतली, पुसली आणि खाली बसली.

"मी दुसऱ्या स्वयंपाकघरात कॉफी करणार नाही," ती म्हणाली. "सरकारने कितीही मोठं दिलं तरी नाही. मला इथली सवय आहे, आणि मला इथेच राहायचंय."

आर्डिस एवढं सलग बोलण्याची ही तिसरी वेळ होती. व्हर्लिनने तिथल्या तिथे ठरवलं की अठरा सेकंद कमी करायचे म्हणजे करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसच्या काळातलं स्टॉपवॉच आणि एक वही घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला. तिथून चौक समोर दिसायचा. तीन सकाळी बसला आणि चौथ्या दिवशी त्याला कोडं उलगडलं. अठ्ठावन्न सेकंदांपैकी चौक ओलांडायला जेमतेम चौदा लागत होते. उरलेले चव्वेचाळीस सेकंद लोक एकमेकांना हात करत होते.

म्हणजे चार बाजूंनी चार गाड्या येत. जी पहिली आली ती उजवीकडच्याला हात करी, आधी तुम्ही. उजवीकडचा मान हलवून समोरच्याला सुचवी. समोरची बाई छे छे करून डावीकडच्या म्हाताऱ्याला पुढे घाली. म्हातारा, सगळे आपल्यासाठी खोळंबलेत या संकोचाने, पहिल्याला हात करी. मग चौघंही एकदम निघत, चौघंही करकचून थांबत, चौघंही माफी मागत, आणि पहिल्यापासून सुरू. मागे रॅम्पवर तीनशे गाड्या उभ्या असत. पण हॉर्न कुणी वाजवत नसे. गावात शेवटचा हॉर्न वाजला होता तो चार वर्षांपूर्वी, तोही कोपर लागून, आणि त्या माणसाने नंतर घरोघरी जाऊन खुलासा केला होता.

"रस्त्यात काही खोट नाही," व्हर्लिन आर्डिसला म्हणाला. "खोट आपल्यात आहे."

मग त्याने कंबर कसली. चर्चमध्ये, हार्डवेअरच्या दुकानात, कॉफीच्या टेबलांवर, जिथे चार माणसं दिसतील तिथे तो एकच गोष्ट सांगू लागला. आपली पाळी आली की निघायचं. हात करायचा नाही, मान हलवायची नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं. सगळ्यांना पटलं. एवढंच, की पटलं तरी ते जरा वेगळं वाटत होतं.

नुसतं सांगून भागणार नाही हे ओळखून व्हर्लिनने शनिवारी शाळेच्या मैदानात सराव ठेवला. खडूने चौक आखला. बावीस गाड्या आल्या, आणि येताना प्रत्येकाने काहीतरी खायला आणलं. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत हार्लनची पाळी आली. त्याने दात आवळले, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि कुणाकडेही न बघता चौक ओलांडला. टाळ्या पडल्या. मग हार्लनने मैदानाच्या टोकाला गाडी वळवली, परत आला, भर चौकात उतरला आणि जिच्या आधी तो गेला होता त्या बाईच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, मनात काही आणू नका, सराव होता. ती बाई म्हणाली, मुळीच नाही, उलट मलाच अवघडल्यासारखं झालं. मग हार्लनच्या गुडघ्याची चौकशी झाली. त्या फेरीची सरासरी एकाहत्तर सेकंद आली.

"सरावाने वाढलीच की," आर्डिस म्हणाली.

व्हर्लिन हातपाय गाळणाऱ्यांपैकी नव्हता. माणसं बदलत नसतील तर वेळ बदलू, असा त्याने विचार केला. गुरुवारी निम्म्या गाड्या सातच्या आधी गेल्या, तर उरलेल्यांनी कितीही हात केले तरी चाळीसच्या आत काम होईल. रविवारी प्रार्थना संपल्यावर त्याने उभं राहून विनंती केली. ज्यांना जमेल त्यांनी गुरुवारी सातच्या आत निघावं, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे. घर वाचवायचंय, एवढंच म्हणाला आणि खाली बसला. सगळ्यांच्या डोळ्यांत त्याला होकार दिसला. तो खराच होता, आणि तिथेच घोडं अडलं.

कारण प्रत्येकाने घरी जाऊन तोच विचार केला. सातच्या आत सगळं गाव निघणार, त्यात आपली भर कशाला? आणि सात ते आठ हा तर व्हर्लिनचा तास. त्यात आपली गाडी घालणं बरं दिसत नाही. तेव्हा आपलं आपण आठनंतर निघू, कामावर फोन करून कळवू. असं प्रत्येकाने ठरवलं, आणि न विचारता बढाई कशाला, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी पहाटेपासून व्हर्लिन खिडकीत होता. सहा ते सात एकही गाडी आली नाही. सात वाजून पाच मिनिटांनी पावाची गाडी आली, थांबली, चारही बाजूंना बघितलं आणि गेली. तीन सेकंद. व्हर्लिन खूष झाला. सव्वासातला एक मोटार आली, तीही रस्ता चुकलेली. साडेसातपर्यंत त्याचा आनंद जाऊन त्याला घाम फुटायला लागला होता. शाळेची बससुद्धा मागच्या रस्त्याने गेली. आठ वाजले तेव्हा वहीत एकूण एकतीस गाड्या होत्या आणि सरासरी सहा सेकंद.

"घर वाचलं म्हणायचं का?" आर्डिसने विचारलं.

व्हर्लिनने वही मिटली. आठला खांबाशी एक छोटी पांढरी गाडी येऊन थांबली. पान्याबाई उतरल्या, त्यांनी कॅमेरा काढून मागे ठेवला आणि त्या निघायला गाडीत बसल्या. आठ वाजून एक मिनिटाने हार्लनच्या गॅरेजचं दार वर गेलं. हार्लन गाडी बाहेर काढत खिडकीतून ओरडला, "तुझ्यासाठी थांबलो होतो रे." मग त्याच्या पलीकडचं दार उघडलं, मग समोरचं, मग सगळ्या गल्लीतली. पाच मिनिटांत अख्खं हॅलवर लेक चौकात होतं. सगळ्यांनी एकमेकांना तिथे पाहिलं, सगळ्यांना ओशाळल्यासारखं झालं, आणि जो तो आधी तुम्ही करू लागला. रांग रॅम्प चढून हायवेवर गेली आणि दिसेनाशी झाली. पांढरी गाडी त्या सगळ्याच्या बरोबर मधोमध होती.

वीस मिनिटांत ती तसूभरही हलली नाही, तेव्हा आर्डिस अंगात कोट घालून बाहेर गेली आणि पान्याबाईंची गाडी आपल्या अंगणात घेऊन आली. त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. नकाशात जिथे "२५" लिहिलं होतं, अगदी तिथेच खुर्ची होती. आर्डिसने वड्या पुढे केल्या. नको, खाऊन आलेय, असं त्या म्हणाल्या. आर्डिसने पुन्हा विचारलं. नको, उगीच तुम्हाला त्रास. आर्डिसने तिसऱ्यांदा विचारलं. मग एक छोटी घेते, असं म्हणून त्यांनी मोठी घेतली, आणि आर्डिसच्या मनात त्यांच्याविषयी आदर निर्माण झाला.

खिडकीबाहेर रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. पान्याबाईंच्या मांडीवर कॅमेरा होता आणि त्यावर आकडा होता, सहा सेकंद. त्या काहीच विचारत नव्हत्या. व्हर्लिनला ठाऊक होतं, आपण मूग गिळून बसलो तर ही बाई सभ्यपणे कॉफी संपवेल, सभ्यपणे आकडा लिहील आणि घर वाचेल. त्याने आर्डिसकडे पाहिलं. आर्डिस ओट्याकडे पाहत होती. त्याला त्या क्षणी घर फार प्रिय वाटलं, आणि तरी खोटं त्याच्या घशाखाली उतरेना.

"तो आकडा खरा नाही," तो म्हणाला. "मी गावाला विनंती केली होती. लोकांनी जरा जास्तच मनावर घेतली."

मग त्याने वही पुढे ठेवली. तीन सकाळींची मोजणी, चौदा सेकंद जाण्याचे, चव्वेचाळीस हात करण्याचे, सगळं सांगून टाकलं. सरावाचंसुद्धा. पान्याबाईंनी पानं उलटली, एकदा खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग त्या पहिल्यांदाच थोड्या मोठ्याने बोलल्या.

"मी बारा वर्षं चौक मोजतेय. आमच्या तक्त्यात याला रकानाच नाही."

"मग आता काय लिहिणार?"

"सहा लिहिता येत नाही, ते खोटं आहे. अठ्ठावन्नवरून तुमचं घर पाडायचं, तर तेही खरं नाही. नवा रॅम्प केला तरी त्याच्या तोंडाशी हीच माणसं असणार." त्यांनी बशीतला चुरा बोटाने गोळा केला. "खरं सांगू? आज मीही चौघांना आधी जाऊ दिलं. नाहीतर पहिल्या मिनिटालाच मी सुटले असते."

शेवटी त्यांनी लिहिलं की विलंबाचं कारण रस्ता नसून चालक आहेत. तेव्हा सिग्नल बसवून बघावा, कारण दिव्याला भीड नसते. मेच्या पहिल्या गुरुवारी पुन्हा मोजणी. ती चाळीसच्या आत आली तर ब कायमचा रद्द. नाही आली तर मात्र त्यांच्याही हातात काही राहणार नव्हतं. मग त्या जायला उठल्या, दारात अर्धा तास बोलल्या, आणि सोबत वड्यांचा डबा नको नको म्हणत घेऊन गेल्या.

हिवाळा गेला, सिग्नल बसला. लोक हळूहळू दिव्याला सरावले, कारण दिवा कुणालाच हात करत नव्हता. व्हर्लिनने खिडकीतून मोजलेली सरासरी बेचाळीसवर आली, मग एक्केचाळीस. मेचा पहिला गुरुवार उजाडला तेव्हा व्हर्लिनने ठरवलं, आज एक गाडी तरी चोख जायला हवी, ती आपली. तो आणि आर्डिस सातलाच बाहेर पडले. आर्डिसच्या मांडीवर स्टॉपवॉच होतं. खांबावर कॅमेरा होता.

चौकात पहिलीच गाडी त्यांची. समोरच्या बाजूला, डावीकडे वळायचा दिवा लुकलुकवत, छोटी पांढरी गाडी होती. मोजणीवर नजर ठेवायला पान्याबाई स्वतः आल्या होत्या. सिग्नल हिरवा झाला. सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला. व्हर्लिनचा उजवा हात स्टिअरिंगवरून उठू लागला. त्याने तो डाव्या हाताने दाबून धरला, समोर नजर रोवली आणि चौक ओलांडला. सहा सेकंद. पान्याबाई मागाहून वळून बाजूच्या रस्त्याने गेल्या.

व्हर्लिनला चौतीस वर्षांच्या नोकरीत इतका अभिमान वाटला नव्हता. तो अभिमान शंभर पावलं टिकला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," आर्डिस म्हणाली.

आणखी शंभर पावलं गेली.

"तिने हात केला होता," आर्डिस म्हणाली. "तू बघितलंसुद्धा नाहीस. तिने आपल्यासाठी एवढं केलं."

"आज मोजणी आहे, आर्डिस."

"माहीत आहे मला. तिला वाटेल आपण रागावलोय."

व्हर्लिनने चर्चच्या आवारात गाडी वळवली. फक्त गाठून दोन शब्द बोलू, त्याला काय वेळ लागतो, असं म्हणत तो परत चौकात आला. त्याचा दिवा हिरवा होता. बाजूच्या रस्त्यावर, लाल दिव्याशी, छोटी पांढरी गाडी उभी होती. पान्याबाईही परत फिरल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आपण व्हर्लिनला आधी जाऊ दिलं खरं, पण वड्यांच्या डब्याचे आभार मानायचे राहिले, ही रुखरुख त्यांनाही लागली होती.

व्हर्लिन हिरव्या दिव्यात थांबला आणि त्याने त्यांना हात केला. पान्याबाईंनी आपल्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि त्याला हात केला. छे छे, व्हर्लिनने खूण केली. दिवे बदलले. आता त्यांचा हिरवा होता. त्यांनी पुन्हा त्यालाच हात केला. मागे गाड्या येऊन उभ्या राहत होत्या, पहिलीच हार्लनची, आणि त्यातून तो सगळ्यांना हात करत होता.

आर्डिसने स्टॉपवॉचकडे पाहिलं, मग ते उलटं करून मांडीवर ठेवलं, आणि खिडकीची काच खाली केली.

"आधी तू जा गं," ती पान्याबाईंना म्हणाली, "आम्हाला काही घाई नाही."